पाण्याखाली जायलाच बांधलेला पूल

जुलैतला पहिला मोठा पाऊस झाला की ठाणे जिल्ह्याच्या पानावर एक बातमी हमखास येते: टिटवाळ्याजवळचा काळू नदीवरचा रुंदे पूल पाण्याखाली, पलीकडच्या गावांचा संपर्क तुटला. रुंदे, फळेगाव आणि त्या पट्ट्यातल्या गावांना कॉलेज, दवाखाना, बाजार आणि मुख्य म्हणजे लोकल गाठायची तर टिटवाळाच जवळचा. पूल बुडाला की नोकरदार घरी, दूध अलीकडे पोहोचत नाही आणि आजारी माणसाला लांबच्या वळशानं न्यावं लागतं. बातमी वाचणारा साहजिकच म्हणतो, बांधणाऱ्यानं उंचीच चुकवली.

उंची चुकलेली नसते. नदीपात्रापासून थोडाच वर असलेला काँक्रीटचा पूल दरवर्षी बुडणार हे धरूनच बांधतात. पुरात तो रस्ता म्हणून निकामी व्हावा, पण पूल म्हणून शाबूत राहावा आणि पाणी उतरलं की पुन्हा वापरता यावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. ती तो पुरी कशी करतो आणि कुठे दगा देतो, हे नीट पाहिलं तर ‘पूल पाण्याखाली’ या बातमीचा अर्थ वेगळा लागतो.

पूर दोन तऱ्हेचा

काळू सह्याद्रीतून, माळशेजच्या बाजूनं उतरते, मुरबाड तालुका ओलांडून टिटवाळ्याकडे येते आणि पुढे उल्हास नदीला मिळते. उल्हासचं पाणी कल्याणच्या खाडीतून वसईकडे जातं. काळूवरचं मोठं धरण बरीच वर्षं रखडलेलं आहे, त्यामुळे घाटात कोसळलेला पाऊस वाटेत अडवायला कोणी नाही. टिटवाळ्यात नुसती भुरभुर असताना नदी गढूळ होऊन चढू लागते ती यामुळेच.

एवढ्यावर भागत नाही. खाली उल्हास तुडुंब असेल आणि त्यात खाडीला मोठी भरती असेल, तर काळूच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. ते मागे तुंबतं. याला फुगवटा म्हणतात. म्हणजे पुलावर पाणी दोन प्रकारे चढतं. एक, वरून जोरात धावत आलेलं. दुसरं, खालून अडल्यामुळे हळूहळू वाढलेलं. दोन्हींत पूल सारखाच बुडालेला दिसतो, पण पहिलं पाणी पुलाला ढकलतं आणि पायाजवळची माती उकरतं. दुसरं रस्ता जास्त वेळ बंद ठेवतं, पण पुलाला फारसा त्रास देत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उल्हास खोऱ्यातल्या बदलापूर-कल्याण पट्ट्यानं ही दोन्ही रूपं पाहिली.

फरशी, मोरी आणि बुडीत पूल

गावच्या रस्त्यावर ओढा-नदी ओलांडायच्या सोयी स्वस्तापासून महागापर्यंत चढत्या क्रमानं लावता येतात. सर्वांत साधी फरशी: ओढ्याच्या तळालाच दगड किंवा काँक्रीट टाकून कडक केलेला रस्ता. उन्हाळ्यात कोरडा, पावसात पाणी वरून. त्याखाली सिमेंटच्या नळकांड्या घातल्या की झाली मोरी: रोजचं पाणी खालून जातं आणि फक्त पुराचं वरून. नळकांड्यांच्या जागी खांब उभे करून त्यांवर जाड स्लॅब टाकला की झाला बुडीत पूल. साधा पूर तो पोटाखालून जाऊ देतो आणि मोठ्या पुराला पाठीवरून वाट देतो. चौथा प्रकार म्हणजे उंच पूल. तो पन्नास किंवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी धरून, तिच्याही वर मोकळी जागा सोडून बांधतात.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात खर्चाची दरी आहे. उंची वाढली की खांब तर वाढतातच, पण खरा खर्च दोन्ही काठांना होतो. रस्ता त्या उंचीला चढवायचा तर दूरपर्यंत मातीचा भराव घालावा लागतो, जमीन घ्यावी लागते, भरावाला दगडी अस्तर करावं लागतं. बुडीत पुलाला यातलं फारसं काही लागत नाही.

दगडी कमानीकडून काँक्रीटच्या स्लॅबकडे

काँक्रीट येण्याआधी महाराष्ट्रात टिकाऊ पूल म्हणजे दगडी कमान. काळा पाषाण हाताशी होता, पाथरवट आणि वडार कारागीर होते, आणि चुना बैलांच्या घाण्यात मळून मिळत होता. महाडच्या सावित्रीवरचा पूल १९२८ चा, सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा; दोन्ही दगडी. त्या वेळी युरोपात सळईचं काँक्रीट पन्नास वर्षांचं झालं होतं. जोसेफ मोनिए या फ्रेंच बागकाम्यानं सिमेंटच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून आत लोखंडी जाळी घातली, १८६७ ला पेटंट घेतलं आणि १८७५ मध्ये शाझले इथे त्याच्या पद्धतीनं छोटा पूल उभा राहिला. आपल्याकडे अडचण सिमेंटची होती. पिंपांतून ते विलायतेहून येई. पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला, पहिल्या महायुद्धानं आयात आखडली आणि देशी सिमेंटला बाजार मिळाला. १९३६ मध्ये सिमेंट कंपन्यांच्या विलीनीकरणातून एसीसी ही कंपनी झाली, तोवर काँक्रीट सरकारी इंजिनिअरच्या अंदाजपत्रकात रुळलं होतं.

रस्त्यांना पैसा आणि धोरण मिळण्यात दोन मराठी संदर्भ आहेत. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्ते समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ ची इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. पुलांवर किती भार धरायचा, पाण्याचा जोर कसा मोजायचा, याचे नियम आजही हीच संस्था काढते. पुढे १९४३ मध्ये नागपुरात देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद झाली. तिथे ठरलेल्या नागपूर योजनेनं रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्राम अशी वर्गवारी केली. चांगल्या शेतीच्या मुलखात कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, हे उद्दिष्ट ठेवलं.

हे उद्दिष्ट हातात घेतलं की ग्रामीण पुलाची उंची आपोआप खाली येते. नद्या असंख्य, पैसा तुटपुंजा. एका उंच पुलाच्या पैशात अनेक कमी उंचीचे पूल होत असतील आणि त्या रस्त्यावर दिवसाकाठी मोजक्या बैलगाड्या, एखादी एसटी जात असेल, तर वर्षातले काही दिवस वाहतूक थांबणं परवडतं, असा तो सरळ हिशेब होता.

या हिशेबात काँक्रीटचा स्लॅब चपखल बसला. दगडी कमानीला जाड खांब आणि वर उंचवटा लागतो. पूर कमानीच्या माथ्यावर गेला की सगळं बांधकाम नदीत आडव्या भिंतीसारखं उभं राहतं. स्लॅब सपाट असतो, त्याला बारीक खांब पुरतात आणि पाण्याच्या वाटेत तो कमी येतो.

सळई कुठे आणि का

काँक्रीट दाबाला घट्ट, ताणाला कच्चं. दाब जेवढा सोसेल त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढाच ताण त्याला सोसतो. एक मोठं खोडरबर दोन पेन्सिलींवर आडवं ठेवून मधोमध बोटानं दाबा. वरचा पृष्ठभाग आकसतो, खालचा ताणला जातो. ट्रक पुलाच्या गाळ्यावर, म्हणजे दोन खांबांमधल्या भागावर, आला की स्लॅबचं नेमकं हेच होतं. म्हणून गाळ्याच्या मध्यभागी मुख्य सळई स्लॅबच्या तळाशी असते. स्लॅब खांबावरून अखंड पुढे गेला असेल तर खांबाच्या माथ्यावर ताण वरच्या बाजूला येतो, तिथे सळई वर घ्यावी लागते. बांधकामावर सळई बांधणाऱ्यानं हा एक वर-खालीचा क्रम चुकवला, तर सिमेंट कितीही घाला, उपयोग नाही.

लोखंड आणि काँक्रीट यांची सोबत टिकते ती दोन कारणांनी. उन्हानं दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे एकमेकांपासून सुटत नाहीत. आणि सिमेंट इतकं अल्कधर्मी असतं की त्याच्या सान्निध्यात सळईवर गंजरोधक पातळ थर तयार होतो. जुन्या पुलांत गुळगुळीत गोल सळ्या असत. त्या निसटू नयेत म्हणून टोकाला आकडे वळवलेले असत. मिश्रण मापाचं: एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. फावड्यानं कालवायचं, घमेल्यातून ओतायचं, सळईनं ठासायचं. व्हायब्रेटर सर्रास नव्हता, त्यामुळे कोपऱ्यांत पोकळ्या राहत. सिमेंटची टंचाई तर कित्येक वर्षं होती. ते परमिटावर मिळे, आणि १९८२ च्या जानेवारीत याच सिमेंटवाटपाच्या वादात महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. अशा काळात बांधलेल्या ग्रामीण पुलात सिमेंट घालताना हात किती आखडला असेल, याचा अंदाज यावरून येतो.

पाणी वरून जातं तेव्हा

आता पूल बुडाला आहे. सगळ्यात आधी त्याचं वजन घटतं. एक घनमीटर काँक्रीट अडीच टनांचं, तेवढंच पाणी एक टनाचं. पूर्ण बुडालेला स्लॅब आपल्या वजनाचा चाळीस टक्के भाग पाण्याला देऊन बसतो. साठ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचा एक चौरस मीटर एरवी खांबावर दीड टन भार टाकतो, पाण्याखाली फक्त नऊशे किलो. पूल जागेवर धरून ठेवणारी मुख्य गोष्ट त्याचं वजनच असल्यामुळे ही घट महत्त्वाची आहे.

दुसरी गोष्ट हवा. उंच पुलांना खाली गर्डर, म्हणजे तुळया, असतात आणि वर पातळ स्लॅब. पाणी चढताना दोन गर्डरांच्या मधल्या खोबणीत हवा कोंडते. साठ सेंटिमीटर खोलीची कोंडलेली हवा दर चौरस मीटरला सहाशे किलोनं पूल वर उचलते, आणि वीस सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचं वजनच पाचशे किलो! गर्डरांचं वजन धरलं तरी शिल्लक फार राहत नाही. अमेरिकेत ऑगस्ट २००५ च्या कतरिना वादळात बिलॉक्सी खाडीवरच्या पुलाचे गाळेच्या गाळे लाटांनी उचलून बाजूला टाकले, त्यात या कोंडलेल्या हवेचा हातभार होता. म्हणून बुडीत पुलाला शक्यतो तळ सपाट असलेला भरीव स्लॅब देतात. गर्डर घ्यावेच लागले तर हवा निघून जायला भोकं ठेवतात आणि स्लॅब खांबाशी सळ्यांनी जखडतात.

तिसरी गोष्ट आडवा धक्का. इंडियन रोड्स काँग्रेसचं सूत्र सोपं आहे: खांबाच्या आकाराचा एक गुणांक, गुणिले ५२, गुणिले वेगाचा वर्ग, उत्तर किलो दर चौरस मीटरमध्ये. चौकोनी तोंडाच्या खांबाला गुणांक १.५, अर्धगोल तोंडाच्या खांबाला ०.६६. पाणी सेकंदाला एक मीटर वेगानं असेल तर चौकोनी खांबावर ७८ किलो आणि गोल तोंडाच्या खांबावर ३४ किलो जोर येतो. वेग तिप्पट झाला की हेच आकडे नऊपट होतात: ७०२ आणि ३०९. नदीच्या वरच्या बाजूला खांबाचं तोंड गोल किंवा टोकदार का करतात, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. स्लॅबच्या कडाही त्याच कारणानं गोलसर ठेवतात.

कठडा नसण्याचं कारणही हेच. पक्का कठडा पुरात पाणी अडवतो, त्यात झाडाच्या फांद्या, प्लास्टिक आणि उल्हास खोऱ्यात माजलेली जलपर्णी अडकते. बघता बघता कठड्याची भिंत होते आणि पुलावर हिशेबात न धरलेला जोर येतो. त्यामुळे अशा पुलांवर कडेला अंतरा-अंतरावर बुटके दगडी किंवा काँक्रीटचे ठोकळे असतात, नाहीतर पावसाळ्याआधी काढून ठेवता येणारे पाइपचे कठडे. ‘कठडा नसलेला धोकादायक पूल’ अशी तक्रार होते, पण पक्का कठडा लावला तर धोका वाहनाकडून पुलाकडे सरकतो.

दगा कुठे होतो

एवढं सगळं सोसून स्लॅब सहसा जागेवर राहतो. पूल हरतो तो इतर तीन ठिकाणी.

पहिलं, पुलाची दोन टोकं. काँक्रीट संपून मातीचा भराव सुरू होतो तो सांधा. पुलाच्या पाठीवरून गेलेलं पाणी खालच्या बाजूला पडताना उतार कापत जातं, डांबराखालची माती धुते आणि वर नुसती डांबराची पापडी राहते. पूल धडधाकट आणि रस्ता गायब, हे चित्र कोकणात आणि ठाणे जिल्ह्यात दरवर्षी कुठे ना कुठे दिसतं.

दुसरं, पाया. खांबाला आपटलेलं पाणी खाली वळतं, तळाशी भोवरा करून खांबाभोवतीची वाळू-माती उकरतं. जेराल्ड लेसी यांनी १९३० च्या सुमारास उत्तर भारतातल्या कालव्यांच्या अभ्यासातून मांडलेलं सूत्र यासाठी अजून वापरतात. पूरपातळीपासून मोजलेली नदीतळाची सरासरी खोली काढायची आणि खांबाजवळ खड्डा तिच्या दुप्पट खोल जाईल असं धरून पाया त्याखाली न्यायचा. तळाला कातळ असेल तर सुटका. पाया कातळात सळ्यांनी बसवता येतो. वाळूच्या तळाला मात्र फसगत असते. खड्डा सर्वांत खोल असतो तो ऐन पुरात. पाणी उतरताना त्यात गाळ भरतो आणि दुसऱ्या दिवशी पाहणाऱ्याला तळ सपाट, शांत दिसतो. भरलेला गाळ सैल असतो, पुढच्या पुरात तो आधी जातो. त्यात नदीतून बेसुमार वाळू उपसली असेल तर सगळा तळच खाली जातो आणि जुना पाया उघडा पडतो.

तिसरं, सळईवरचं काँक्रीटचं आवरण. जुन्या पुलांत ते पातळ आणि सच्छिद्र. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो आणि सिमेंटचा अल्कधर्म संपवत जातो. सळईपर्यंत तो पोहोचला की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जागा जास्त घेतो, तो आतून काँक्रीट फोडतो. चार महिने ओलं, आठ महिने कोरडं, हे चक्र या कामाला पोषक आहे.

पाणी उतरल्यावर काय पाहायचं

तपासणी अर्थात अभियंत्याचं काम आहे. पण त्याला कळवायला हवं असं बरंच काही गावकऱ्याला नुसत्या डोळ्यांनी दिसतं. आधी दोन्ही टोकांना जा. डांबरात पुलाला समांतर चीर आहे का, कडेची माती ढासळली आहे का, पुलाच्या आणि रस्त्याच्या पातळीत पायरी पडली आहे का, हे पाहा. मग काठावरून पुलाची कड एका रेषेत दिसते का ते बघा. एखादा गाळा खचला किंवा सरकला असेल तर ती रेष तुटते.

उन्हाळ्यात पात्र कोरडं असताना खाली उतरलात तर स्लॅबच्या पोटाकडे पाहा. सळईच्या रेषेत गेलेली तांबूस चीर म्हणजे आत गंज धरला. पांढरे ओघळ म्हणजे स्लॅबमधून पाणी पाझरतं आहे. पोपडा सुटून सळई उघडी पडली असेल तर ते काम पुढच्या पावसावर ढकलू नये. हातोडीनं हलकेच ठोकलं तर निरोगी काँक्रीट टणटणीत वाजतं, आतून सुटलेलं बद्द. खांबाच्या बुडाशी पायाची कड उघडी दिसली किंवा मागच्या वर्षी न दिसणारा थर दिसू लागला, तर फोटो काढून तारखेसह ठेवा. दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की नदीचा तळ किती खाली गेला ते कोणालाही कळतं.

सावित्रीचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बस वाहून गेल्या, त्यानंतर राज्यभरातल्या जुन्या पुलांच्या तपासणीचा विषय ऐरणीवर आला. महामार्गांवरच्या पुलांकडे लक्ष जातं. ग्रामीण पुलांकडे ते जायला कोणीतरी तक्रार लिहून द्यावी लागते.

पूल तरतो, गाडी तरत नाही

बुडीत पूल पाण्याखाली सुरक्षित असला तरी त्याच्यावरून जाणारा नसतो. पुलाची सगळी रचना त्याचं वजन आणि जखडलेल्या सळ्या यांवर उभी आहे. मोटारीकडे यातलं काहीच नाही. बंद दारांची गाडी पाण्यात पोकळ डब्यागत असते. साधारण तीस सेंटिमीटर पाण्यात लहान गाडीची चाकं पकड सोडू लागतात, साठ सेंटिमीटर वाहत्या पाण्यात बहुतेक गाड्या वाहून जातात. धावणारं पाणी पंधरा सेंटिमीटर असलं तरी चालत्या माणसाचा पाय निसटू शकतो. गढूळ पाण्यात पुलाची कड दिसत नाही आणि टोकाचा रस्ता जागेवर आहे की नाही तेही कळत नाही. ‘आत्ताच एक ट्रॅक्टर गेला’ हा पुरावा धरू नये. ट्रॅक्टर जड असतो, आणि तो गेल्यावरही पाणी चढत असतं.

हिशेब जुना झाला

रुंद्यासारख्या पुलाला दोष द्यायचा तर तो बांधणीच्या तत्त्वाला देता येत नाही. कमी पैशात गावं जोडायची आणि थोडे दिवस वाहतूक थांबू द्यायची, हा सौदा त्या काळाला योग्य होता. सौद्याची दुसरी बाजू आता बदलली आहे. टिटवाळा हे महागणपतीच्या दर्शनाचं गाव होतं, तसं अजूनही आहे, पण आता ते कल्याण-डोंबिवली महापालिकेतलं उपनगरही आहे. पलीकडच्या गावातला माणूस रोज लोकलनं कामाला जातो. त्याच्या लेखी पूल एक दिवस बंद म्हणजे एका दिवसाची मजुरी, बुडालेला पेपर, लांबलेलं बाळंतपण. हे नुकसान मांडलं तर उंच पुलाचा खर्च पूर्वीइतका मोठा वाटत नाही.

म्हणून उंच पुलाची मागणी करताना ‘पूल दरवर्षी बुडतो’ एवढंच लिहिणं कमी पडतं. अभियंता म्हणेल, तो बुडण्यासाठीच आहे. वर्षातले किती दिवस आणि किती तास रस्ता बंद होता, त्या दिवसांत किती विद्यार्थी, किती नोकरदार, किती रुग्ण अडकले, वळशाचा रस्ता किती किलोमीटरचा पडला, ही नोंद ग्रामपंचायतीनं ठेवली तर मागणीला वजन येतं. आणि उंच पूल होईतो जुन्याच पुलाच्या टोकांचं अस्तर, पायाभोवतीची दगडबांधणी आणि उघड्या सळ्यांची डागडुजी मे महिन्याच्या आत उरकायला हवी. पावसाळ्यात तो पूल पुन्हा पाण्याखाली जाणारच आहे.